दोन बोटं सैल

खडू घोट्यापाशी आला आणि सरळ जायचं सोडून आत वळला. झालं ते एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर हसेल, की खडू वळला म्हणून काय माणूस दचकतं? पण कापड कापणारी मास्तरीण दचकली. ती डोळे मिटून कापडावर उताणी पडली होती, हात अंगापासून जरा लांब, तळवे वर. खडूची कोरडी खरखर उजव्या कानापासून निघाली, खांदा झाला, काख झाली, कंबर झाली, मांडीच्या बाहेरून खाली खाली टाचेपर्यंत गेली. तिच्या हिशेबानं आता तो एका टाचेपासून दुसऱ्या टाचेकडे झपकन सरळ जायला हवा होता, गाऊनच्या घेरासारखा. तिनं स्वतः सगळ्यांचा तसाच तर नेला होता. पण आज खडू सुनेच्या हातात होता, आणि सुनेनं तो घोट्याच्या आतल्या बाजूनं वर घेतला. पोटरीकडे.

"अगं, सरळ ने की," मास्तरीण डोळे न उघडता म्हणाली.

"सरळ कुठं नेऊ, आई? दोन पाय आहेत ना तुम्हाला? गाऊन जरा मधे खोचते हां."

"मास्तरणीला पाय आहेत?" बटणांची काजं करणारी काजंवाली लांबून ओरडली. "आम्हाला वाटलं टेबलाखाली चाकं बसवलीत."

हॉलभर हसू पसरलं. मास्तरीणही हसली, तोंडातल्या तोंडात. हसताना पोट हललं आणि पोटाखाली जे होतं ते जागच्या जागी जरासं सरकलं, तसा तिनं श्वास धरला. ही सवय इतकी जुनी होती, की आपण श्वास धरतो हेही तिला कळायचं नाही. शिंक आली की धरायची, खोकला आला की धरायची, हसू आलं की अर्धं गिळायची. लोक म्हणायचे, मास्तरीण मोठी कडक बाई, खळखळून हसत नाही कधी. कडक कसली, धरून बसलेली बाई होती ती.

सुटीचा दिवस होता. शिलाईच्या हॉलात मशिनी झाकून ठेवलेल्या, रांगेनं, जशी काही माणसंच डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलीत. वरच्या उंच खिडक्यांतून ऊन आत येऊन कापडाच्या बारीक तंतूंत अडकलं होतं. ते तंतू या हॉलात कधी खाली बसत नाहीत. कामाच्या दिवशी मशिनींच्या घरघरीत दिसत नाहीत, पण सुटीच्या दिवशी बघावं तर हवेत नुसते तरंगत असतात, ना वर ना खाली. मास्तरणीनं डोळे किलकिले करून बघितलं तर तिला वाटलं, आपण कुठल्यातरी मोठ्या पाण्याच्या तळाशी पडलोय आणि वर कुणीतरी पीठ चाळतंय. बायकांचे आवाज वरूनच येत होते, पाण्यातून आल्यासारखे, गोल होऊन. आणि भिंतीशी दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली ती सगळी कापडं पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होती. एकेक कापड म्हणजे एकेक बाई. डोकं, खांदे, हात, आणि मग खाली येत येत रुंद होत गेलेला घेर.

आता ही कापडं काय भानगड आहे ते सांगायला पाहिजे. गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. तिथं हॉलातली कुठलीही बाई कुठलंही दुखणं घेऊन गेली, की पांढऱ्या गोळ्या मिळायच्या आणि वर, पाणी जास्त प्या. पाणी कुठून पिणार? हॉलातल्या बायकांच्या संडासाची किल्ली फाटकावरच्या सुपरवायझरच्या खिशात. मागायला गेलं की तो घड्याळाकडे बघायचा. त्यापेक्षा तहानलेलं बरं. दवाखान्यातली नर्स मात्र आपल्यातलीच होती, शिवणारणीचीच पोर, गोल चेहऱ्याची, बोलायला फटकळ. एके दिवशी ती हॉलात आली आणि म्हणाली, "मोठ्या दवाखान्यातली माणसं वस्त्यांमधून फिरतात, बायकांना काय होतं ते विचारतात. प्रश्न त्यांचे, उत्तरं तुमची, आणि शेवटी कळत कुणालाच काही नाही. या खेपेला मी त्यांना सांगितलंय, विचारायचं काय ते बायकाच ठरवतील. एकमेकींना त्याच विचारतील, त्याच मांडतील. तुम्ही जे दाखवाल त्यावर ठरणार, बायकांची डॉक्टर इथं दर आठवड्याला बसवायची की नाही आणि कशासाठी. जे दाखवणार नाही ते नाहीच असं धरतील. हे मात्र लक्षात ठेवा." मग बायका बसल्या. कागद नको म्हणाल्या. कागद समोर आला की जीभ टाळूला चिकटते. कुणीतरी म्हणालं, आपल्याला कापड येतं. मग अस्तराचं उरलेलं कापड घ्यायचं, प्रत्येकीला त्यावर झोपवायचं, भोवतीनं खडू फिरवायचा, आणि मग जिथं दुखतं तिथं तिनं स्वतःच्या हातानं बटण लावायचं. येऊन जाऊन दुखत असेल तर पांढरं, कायमचं मुक्कामाला आलं असेल तर काळं. "आणि आजवर कुणालाच सांगितलं नाही असं असेल तर?" हे सुनेनंच विचारलं होतं. मग काजंवालीनं लाल बटणांचा एक अख्खा पुठ्ठा आणून मधे टाकला होता.

खडू कुणी फिरवायचा यावर चर्चाच झाली नाही. हॉलात कापड कापायचं काम मास्तरणीचं. बाई असून कापायच्या टेबलाशी उभी राहणारी ती पहिलीच, कानावर खडू आणि हातात ती भलीमोठी कात्री. एकेकीला निजवून तिनं आकार काढले, आणि बायकांनी बटणं लावली. आता भिंतीवर बघा, मानेवर काळी बटणं, खांद्यावर काळी, मनगटांवर दाटीवाटीनं, डोळ्यांवर पांढरी, कमरेवर तर जसा काही पट्टाच. कमरेखाली काही नाही. नुसतं पांढरं अस्तर, घेरापर्यंत. आणि लाल तर अख्ख्या भिंतीवर एक नाही. उद्या मोठ्या दवाखान्यातली माणसं बघायला येणार. नर्स सकाळी येऊन भिंतीसमोर उभी राहिली होती, कमरेवर हात देऊन, बराच वेळ. "म्हणजे चष्मे आणि कंबरेचे व्यायाम," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी बायकांची डॉक्टर कशाला देतील ते? बरं, तुम्ही म्हणाल तसं." आणि मग वळून म्हणाली, "मास्तरीण, तुमचं कापड कुठंय?"

मास्तरणीचं कापड नव्हतंच. काढणारीलाच काढायचं कोण, असं म्हणून तिनं टाळलं होतं. तेव्हा सून उठली, सासूच्या कानावरचा खडू काढून घेतला आणि म्हणाली, "मी काढते."

खडू पोटरीवरून गुडघ्याकडे निघाला. सुनेचा हात हलका होता. तिच्या हातात कापड कधी चुरगळायचं नाही, हे मास्तरणीनं लग्नाआधीच हेरलं होतं, मुलाला पसंत पडायच्या आधी सासूलाच पसंत पडली होती ती, चौथ्या मशिनीवर कॉलर लावताना. गुडघ्याच्या आतल्या बाजूला खडू लागला तेव्हा मास्तरणीला आठवलं, की या जागेला कुणाचाही हात लागून किती काळ झाला. नवरा गेल्याला बराच काळ झाला, पण तो असतानाही शेवटची पुष्कळ वर्षं लागला नव्हता. बिचारा विचारायचा, "भिंतीकडे तोंड करूनच का झोपतेस गं? मी काही केलं का?" तिनं कधी उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं, बायकोचं मन उडालं. तसंच समजून तो गेला. हे तिच्या मनात आलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातनं एक थेंब निघून कानाकडे गेला. कानाशी खडूच्या रेघेला लागून जिरला असेल. चांगलं कापड होतं, शोषून घेणारं.

कापायला त्यानंच शिकवलं होतं. तोच मूळचा मास्तर. संध्याकाळी घरी वर्तमानपत्र पसरून तिला बाह्या काढायला लावायचा. आणि पहिला धडा हा, की माप घेताना अंगाला हात लागू द्यायचा नाही. टेप लागेल, बोट लागणार नाही. बाईमाणसाचं माप घेताना तर मान दुसरीकडे वळवायची आणि आकडा नुसत्या टेपवरून वाचायचा. दुसरा धडा, अंगाबरहुकूम कापायचं नाही. "दोन बोटं सैल ठेवायचं," तो म्हणायचा. "माणसाला श्वास घ्यायला जागा पाहिजे, आणि झाकायला पण. प्रत्येकाला काहीतरी झाकायचं असतंच. ते काय आहे हे आपण विचारायचं नाही, आपण सैल ठेवायचं. त्याला म्हणतात शिंपी." किती शहाणपणाचं वाटायचं तिला ते. पुढं त्याचा हात थरथरायला लागला, कात्री रेघ सोडून जायला लागली, तेव्हा ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली, आधी त्याच्या आडून, मग त्याच्या जागी. मालकानं नाक मुरडलं, बाई कापते म्हणून. पण तिचं कापलेलं कधी परत आलं नाही. दोन बोटं सैल. कुणालाही विचारा, मास्तरणीचा कपडा कुणाला काचत नाही.

तेच तिनं या अस्तरावर केलं होतं. हे तिला आत्ता, कापडावर उताणं पडल्यावर, तंतूंकडे बघताना कळलं. बायका येऊन झोपायच्या, पाय जुळवून, गाऊन खाली ओढून, आणि ती अंगापासून दोन बोटं लांबून खडू फिरवायची, आणि टाचेपाशी आली की सरळ घेरासारखी रेघ मारायची. पायांच्या मधे खडू न्यायचा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. खोटं कशाला बोला, आलं होतं. पहिल्याच बाईच्या वेळी आलं होतं आणि हात आपोआप सरळ गेला होता. मग पहिलं तसं झालं म्हणून दुसरं, आणि मग सगळीच. बायकांनाही बरंच वाटलं. काजंवालीला तर सगळ्यात जास्त. काजंवाली हॉलात पहिल्यांदा आली ती शर्टपँटमधे, पुरुषाच्या नावानं, आणि मग एके दिवशी बाईच्या कपड्यात आली आणि तशीच राहिली. मालकानं हाकलली, तर बायकांनी मशिनी बंद केल्या आणि परत आणली. ती कापडावर झोपताना हळूच म्हणाली होती, "मला पण यांच्यासारखंच काढशील ना?" आणि मास्तरणीनं काढलं होतं, तस्सं, त्याच घेराचं. काजंवाली उठून किती वेळ त्या आकाराकडे बघत राहिली होती. तेव्हा मास्तरणीला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलं. तेही खरंच होतं. पण आता ती सगळी कापडं वाऱ्यावर हलत होती आणि तिला दिसत होतं, की एकीलाही पाय नाहीत. घेर आहे आणि घेराखाली दोरीची सावली. भिंतीशी पाय नसलेल्या बायकांची रांग लागलीय आणि त्या जाग्यावरच डुलतायत, चालत कुठंच नाहीत. डोळा जरासा लागला का काय कोण जाणे, पण त्या दोरीवरून उतरल्या, तिच्याभोवती गोल उभ्या राहिल्या, आणि खाली वाकून विचारायला लागल्या, मास्तरीण, आम्ही बटण लावायचं कुठं? कापडाच्या तोंडांनी विचारत होत्या, त्यामुळे आवाज नव्हता, नुसती फडफड.

खडू गुडघ्याच्या वर आला.

त्या दिवशीही असंच ऊन होतं. धाकटा अंगावर पीत होता, तिला कामावर येऊन थोडेच दिवस झाले होते. ताग्यांची गाडी दारात उभी, हमाल आला नव्हता, आणि मालक बोंबलत होता. तिनं तागा खांद्यावर घेतला. मग दुसरा घेतला. तरणी होती, ताकदीचा माज होता. कितव्यातरी ताग्याला खाली काहीतरी निसटलं. दुखलं असं नाही. जसा काही आतला एखादा टाका उसवला आणि मऊ, ओलं, स्वतःचंच काहीतरी खाली उतरून बसलं. संडासात जाऊन हात लावून बघितलं तर हाताला लागलं ते. सोललेल्या फळासारखं. ती तिथंच भिंतीला टेकली. तिला वाटलं, आता आपण मरणार. कुणाला हाक मारावी तर काय म्हणून मारावी? त्या जागेला तिच्याकडे शब्दच नव्हता. आईनं दिला नव्हता, सासूनं दिला नव्हता. मग ती मेली नाही. ते बोटानं आत सारता येतं हे कळलं. उभं राहिलं की येतं, आडवं झालं की जातं हेही कळलं. मेली नाही याचंच तिला नंतर नवल वाटायला लागलं, आणि नवलाची मग सवय झाली. तिनं स्वतःसाठी एक पट्टा कापला. जाड नवारीचा, दोन पदरी, मधे घडीचं कापड, पुढं चार हूक. नवरा झोपल्यावर हातानं शिवला, मशिनीचा आवाज नको म्हणून. तिच्या आयुष्यातला तेवढा एकच कपडा तिनं अंगाबरहुकूम कापला. तिथं सैल ठेवून चालणार नव्हतं. एक फाटला की दुसरा, दुसरा फाटला की तिसरा. वाळत घालायची सोय नाही, म्हणून अंगावरच वाळवायचा.

आणि त्या दिवसापासून तिनं ताग्याला हात लावला नाही. पुढं मास्तरीण झाल्यावर तर टेबलामागं उभी राहून नुसती हुकूम सोडायची. हा आण, तो उचल, तो तिकडे ठेव. बायका पाठीमागं बोलायच्या, मास्तरीण झाली आणि हात मऊ झाले. तिला ते बरंच वाटायचं. माजोरडी म्हणोत, पण दुसरं काही म्हणायला नकोत. आणि सून घरात आल्यावर तर सोपंच झालं. "पोरी, तो तागा घे गं." सून उठायची, हसत उठायची. नात झाली, सून परत कामावर आली, चेहरा अजून पांढराफटक. दारात ताग्यांची गाडी उभी होती. आणि मास्तरीण टेबलामागून म्हणाली होती, सवयीनं, डोकं वर न करता, "पोरी, तो तागा घे गं."

इथं मास्तरणीनं डोळे उघडले. टक्क उघडले. खडू थांबला होता.

मांडीच्या वर, जिथून तो पलीकडे वळायचा, तिथं तो थांबला होता, आणि सुनेच्या बोटांची पाठ गाऊनवरून पट्ट्याच्या कडेला टेकली होती. चुकून टेकली असेल. पण ती बोटं शिवणारणीची होती. आंधळ्या माणसानं चेहरा ओळखावा तशी ती शिवण ओळखतात. नवार, दोन पदर, हातशिलाई. आणि हा टाका घरातला, सासूच्या हातचा, रोज बघितलेला. बोटं तिथंच राहिली. मास्तरणीनं श्वास धरला, आणि सुनेनंही धरला. दोघींनी एकाच वेळी, एकसारखा धरला, आणि मास्तरणीला सगळं कळलं. कारण श्वास असा पोटाखाली कुलूप घातल्यासारखा कोण धरतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"काय गं," ती एवढंच म्हणाली, अगदी हळू.

"काही नाही, आई." सुनेनं खडू उचलला नाही. पट्ट्याच्या खालून, अगदी अंगाला लागून, तिनं तो पलीकडच्या मांडीवर घेतला आणि खाली उतरायला लागली. गुडघा. पोटरी. घोटा. दोन बोटं तर सोडाच, केसाएवढीही जागा तिनं सोडली नव्हती. मग डावी टाच, आणि बाहेरून वर, कंबर, काख, खांदा. कानापाशी रेघेला रेघ मिळाली तेव्हा सून कापडावर गुडघे टेकून बसली होती आणि तिचं तोंड सासूच्या तोंडाजवळ होतं. दोघींचे डोळे एकमेकींत होते.

"उठा आता," काजंवाली म्हणाली. "का तिथंच बिऱ्हाड करताय?"

मास्तरीण कुशीवर वळली, मग हाताच्या आधारानं उठली. तिला असं एकदम उठता यायचं नाही. उठून बाजूला झाली आणि खाली बघितलं. पांढऱ्या अस्तरावर निळ्या खडूनं एक बाई काढलेली होती. जराशी बुटकी, खांदे पुढं आलेले, आणि दोन पाय, वेगवेगळे, पुरे. उचलून भिंतीला लावली असती तर चालायला लागली असती. आपण एवढ्याशा आहोत? तिला उगाच वाटायचं, आपण टेबलाएवढ्या रुंद आहोत. तिला त्या बाईची कणव आली, परक्या बाईची यावी तशी.

ती तिथं उभी राहिली आणि तिच्या मनात जे आलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. नातीचं तोंड आलं. नवऱ्याचं ते विचारणं आलं. उद्या येणारी माणसं आली, भिंतीसमोरून चालत जाणारी, आणि चष्मे, व्यायाम असं म्हणत निघून जाणारी. बायका काय म्हणतील हे आलं. या वयात, सुनेसमोर, एवढ्या सगळ्यांसमोर, मास्तरणीनं. दोन पावलं टाकून टेबलामागं गेलं की संपलं, तिकडे कात्री आहे, हुकूम आहेत, कुणी विचारणार नाही. पाय तिकडे वळलेसुद्धा. मग तिला वाटलं, हेच. हेच तर आपण केलं सगळ्यांचं. सरळ रेघ मारली आणि निघालो.

"लाल दे," ती म्हणाली.

हॉलभरच्या माना वळल्या.

काजंवालीनं पुठ्ठा आणून दिला. या खेपेला चेष्टा केली नाही. पुठ्ठ्यावर लाल बटणं ओळीनं शिवलेली होती, नवी कोरी, कुणी हात न लावलेली. आणि कोपऱ्यात एक जागा रिकामी होती. कातरलेल्या दोऱ्याची दोन टोकं तेवढी उभी. मास्तरणीनं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर लाल कुठंच नव्हतं. तिनं सुनेकडे बघितलं. सून खाली बघत होती आणि तिच्या डाव्या हाताची मूठ मिटलेली होती.

मास्तरणीनं काही विचारलं नाही. तिनं एक बटण काढलं, सुईत दोरा ओवला, आणि त्या निळ्या बाईशेजारी जमिनीवर बसली. सुई रेघ सोडून गेली नाही. दोन्ही पाय जिथं मिळतात तिथं तिनं बटण ठेवलं आणि टाके घातले. दोरा दातानं तोडला. मग डोकं वर न करता म्हणाली, "माझं अंग बाहेर येतं. धाकट्याच्या वेळेपासून. तागे उचलून झालं. पट्टा बांधते मी. म्हणून मी तागे उचलत नाही. माज नाही मला."

कुणीतरी नाक ओढलं. शेवटच्या मशिनीवरची बाई, जी कधी बोलायची नाही, ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझं पण. मला वाटायचं, मला एकटीलाच." आणि मग आणखी कुणी काही म्हणालं, आणि आणखी कुणी, एकात एक, पाण्यातल्यासारखं, आता नेमकं कोण काय बोललं ते मास्तरणीला वेगळं करता येईना. नर्स दाराशी उभी होती, कधी आली कुणास ठाऊक. म्हणाली, "अगं बायांनो, याला रिंग बसवतात. आतून. काहींना नुसते व्यायाम पुरतात. पट्टे काय बांधत बसलात?"

"हे बघ मास्तरीण," काजंवाली म्हणाली, "तू आता सगळ्यांचे पाय काढणार, दिसतंय मला. माझा गाऊन राहू दे हां. मी तो मिळवलाय. पण लाल बटण मलाही एक लागेल. ते मी गाऊनवरनंच लावीन."

"लाव बाई. तुला कोण अडवणार?"

मास्तरीण उठली आणि भिंतीशी गेली. दोरीवरून सुनेचं कापड उतरवलं, झटकलं, जमिनीवर पसरलं. तोच बंद घेर, मानेवर एक काळं बटण, मनगटावर दोन पांढरी. ती त्याच्याकडे बघत राहिली. सून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि मूठ उघडली. लाल बटण घामानं ओलं झालं होतं, तळहातावर त्याच्या भोकांचे वळ उठले होते.

"त्याच दिवशी घेतलं होतं," सून म्हणाली. "तुम्ही माझा आकार काढला त्या दिवशी. पण लावायला जागाच नव्हती, आई."

सासूला पुष्कळ बोलायचं होतं. ताग्याचं बोलायचं होतं, त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याचं बोलायचं होतं. घशातनं आलं ते एवढंच, "ताग्याला हात लावशील तर बघ." आणि मग, "नीज."

सून निजली. जुन्या आकारात डोकं, जुन्या आकारात खांदे. मास्तरणीनं कानावर हात नेला, तर खडू तिथं नव्हता. तो सुनेच्या हातात होता, तिनं वर केला. मास्तरीण घोट्यापाशी बसली, गाऊन नीट मधे खोचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माप घेताना मान वळवली नाही. खडू टेकवला. सरळ जायची हाताची सवय होती, हात जरा अडला. मग तिनं तो आत वळवला, अगदी कातडीला लागून.

"आई, गुदगुल्या होतात," सून म्हणाली आणि हसायला लागली, श्वास न धरता.

"होऊ देत," मास्तरीण म्हणाली. "हलू नकोस."